महिन्याची चूक

महिन्याच्या एक तारखेला आमच्या ग्रंथालयात सगळे दहा मिनिटं लवकर यायचे. कामाची हौस म्हणून नव्हे, भीतीपोटी. देवघेवीच्या काउंटरमागून कर्मचाऱ्यांच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात एक हिरवा फलक होता. त्यावर त्या दिवशी सकाळी मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद लागायचा. मथळा, 'आपली बातमी'. कोण कुठल्या प्रशिक्षणाला जाऊन आलं, कोणाची पात्रता परीक्षा निघाली, कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाच्या म्हशीला रेडी झाली, हे सगळं त्यात असायचं. ते नंतर सावकाश वाचलं जाई. आधी सगळ्यांची नजर थेट खालच्या चौकटीवर जायची. तिथे लाल शाईत लिहिलेलं असायचं, 'महिन्याची चूक', आणि त्याखाली चूक करणाऱ्याचं पूर्ण नाव, विभागासकट.

आपलं नाव नाही असं दिसल्यावर माणसं कशी मोकळी होतात ते मी त्या बोळात पाहिलंय. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या अशी दोन-तीन माणसं तरी एक तारखेची गोळी कागद वाचून झाल्यावरच घ्यायची. मी तर आदल्या दिवशीच महिनाभरात काय काय केलं ते आठवत बसायचे. मी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवस घरी, मग वरच्यांच्या मनात आलं तर पुन्हा अकरा महिने. नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं होतं, मुलगा तीन वर्षांचा होता आणि राजारामपुरीतल्या दोन खोल्यांचा सगळा भार त्या ऑर्डरवर होता.

मास्तर कधीच कुठे मास्तर नव्हते. ते सहायक ग्रंथपाल. तरुणपणी ते याच ग्रंथालयात रोजंदारीवर पुस्तकं पुसायला आले होते. पुसता पुसता शिकले, परीक्षा दिल्या आणि वर चढले. दर शनिवारी दुपारी तीन वाजता ते आम्हा सगळ्यांचा वर्ग घ्यायचे, म्हणून मास्तर. कागदोपत्री त्याला कर्मचारी विकास कार्यक्रम म्हणतात. इतर ठिकाणी असा कार्यक्रम म्हणजे शाल, नारळ, पाहुण्यांचं भाषण आणि समोसा. आमच्याकडे मास्तर काडेपेटी उघडून त्यातली पुस्तकं कुरतडणारी मेलेली कसर चिमटीत धरायचे, प्रत्येकाच्या नाकासमोर नेऊन विचारायचे, "ओळख हाय काय हिची? तुज्या कपाटात सापडली." ज्याच्या कपाटात सापडली त्याचा समोसा घशात अडकला असता.

त्यांचा आवाज प्रचंड. वाचनकक्षात 'शांतता राखा' या पाटीखाली उभे राहून ते ओरडायचे, "कोण बोलालंय तिकडं?" पुस्तकावर डोकं ठेवून पेंगणाऱ्या पोराला म्हणायचे, "पावणं, पुस्तक हाय ते, उशी न्हवं!" सगळा कक्ष दचकायचा. आणि गंमत अशी की पुस्तकांच्या दालनात शिरताना हाच माणूस चपला दाराबाहेर काढायचा. आत धूळ न्यायची नाही म्हणे. त्यामुळे दालनात ते आलेले कळायचेच नाहीत. दोन रॅकच्या मधे तुम्ही मान खाली घालून काम करताय आणि अचानक कानामागे तोफ, "त्यो नंबर काय वाचलास?" एवढा मोठा आवाज असलेला माणूस अनवाणी चालतो तेव्हा त्याची जास्त भीती वाटते.

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला दालनाच्या दारात उभं केलं आणि सांगितलं, "आत एक पुस्तक मी मुद्दाम चुकीच्या जागी लावलंय. शोधून आण. तवर डबा उघडायचा न्हाय."

"किती पुस्तकं आहेत आत, सर?"

"मोजाय सांगिटलंय काय? शोधाय सांगिटलंय."

मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी डबा तसाच घरी नेला. दुसऱ्या दिवशी दुपारी इतिहासाच्या ओळीत मधमाशीपालनाचं एक पातळ पुस्तक दिसलं आणि मी अक्षरशः रडले. मास्तर म्हणाले, "आता तुला कळलं. चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक असून नसल्यागत हाय. जा, जेव." माझ्यासाठी त्यांनी घरून आणलेली चपाती ठेवली होती. पण खरं सांगायचं तर त्या चपातीने माझी भीती गेली नाही.

त्या लाल चौकटीत एकेक नमुने येऊन गेले होते. एका बाईंनी नव्याने आलेल्या चाळीस पुस्तकांवर ग्रंथालयाच्या शिक्क्याऐवजी 'रद्द' हा शिक्का मारला होता, कारण दोन्ही शिक्के एकाच खणात होते. एका शिपायाने कपाट पुसून सगळी पुस्तकं परत उलट्या क्रमाने लावली होती. खुद्द मास्तर चार वेळा आले होते. एकदा संदर्भ दालनात एक प्राध्यापक झोपलेले असताना त्यांनी बाहेरून कुलूप लावलं होतं आणि प्राध्यापक संध्याकाळपर्यंत खिडकीतून हात हलवत होते. हे ते अभिमानाने सांगत. "सगळ्यात जास्त येळा मीच आलोय. मला काय झालं? मेलो काय?"

त्यांचा एक नेम होता. चूक ज्याची त्याने येऊन सांगायची, आणि शनिवारी वर्गात उभं राहून ती कशी झाली ते सगळ्यांना शिकवायची. "तू हून येऊन सांगिटलंस तर म्याडमच्या दारात मी तुज्या म्होरं उभा. मी शोधून काडली तर मी तुज्या मागंबी न्हाय." म्याडम म्हणजे आमच्या ग्रंथपाल. आणि मास्तर खरोखर उभे राहायचे. रद्दवाल्या बाईंसाठी ते दोन तास म्याडमच्या केबिनबाहेर बसले होते.

पण मी येण्याच्या आदल्या वर्षी दोन कंत्राटी मुलींच्या ऑर्डरी आल्या नाहीत. त्यातल्या एकीचं नाव आधी त्या चौकटीत येऊन गेलं होतं. मास्तर म्हणे तिच्यासाठी तीनदा प्रशासनाच्या इमारतीत जाऊन भांडून आले. कारण कुणी सांगितलं नाही. कायम नोकरीतली माणसं त्या चौकटीला भ्यायची ती अब्रूसाठी. आमची भीती वेगळी होती आणि ती मास्तरांना कधी कळली नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मग बारकोड आले. ग्रंथालयात नवी संगणक प्रणाली बसवायची ठरली आणि प्रत्येक पुस्तकावर बारकोडची चिठ्ठी लावण्याचं काम मास्तरांकडे आलं. प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक असतो, तो आतल्या पानावर शिक्क्याने मारलेला असतो. चिठ्ठ्या क्रमाने छापून यायच्या, प्रत्येकीवर रेघांखाली तोच क्रमांक. मास्तरांची पद्धत ठरलेली. दोघांची जोडी. एकाने पुस्तक उघडून आतला क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने चिठ्ठीवरचा मोठ्याने वाचायचा, दोन्ही जुळले की चिकटवायची आणि वरून पारदर्शक पट्टी. सबंध दालनात दिवसभर बायकापुरुष आकडे ओरडत असायचे. माझ्या जोडीला काउंटरवरच्या वहिनी होत्या. वय पन्नाशीचं, सगळ्यांच्याच वहिनी.

एका गुरुवारी वहिनी पुतण्याच्या साखरपुड्याला गेल्या. मी एकटी. भूगोलाचा एक कप्पा राहिला होता. पुस्तकं क्रमाने, चिठ्ठ्या क्रमाने, मग प्रत्येक पुस्तक उघडायचं कशाला, असं मला वाटलं. भराभर लावत गेले. त्या ओळीतलं एक पुस्तक बांधणीला गेलेलं होतं. त्याची चिठ्ठी बाजूला काढून ठेवायला हवी होती. मी ती पुढच्या पुस्तकावर लावली. तिथून पुढे अख्खा कप्पा एकेकाने सरकला. घरातल्या सगळ्यांनी एकमेकांचे शर्ट घालून बाहेर पडावं तसं झालं. शेवटी एक चिठ्ठी उरली, ती का उरली एवढाही विचार मी केला नाही. जादा छापली असेल म्हणून टाकून दिली आणि चार वाजायच्या आत कप्पा संपला म्हणून मी खूश झाले.

मास्तर आले, कप्प्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "एकटीनं? शाब्बास." त्या महिन्याच्या 'आपली बातमी'त वरच्या भागात माझं नाव आलं. 'एका दिवसात एक कप्पा.' मी त्याचा फोटो काढून माहेरी पाठवला. बाबांनी तो सगळ्या भावकीला दाखवला.

पाच-सहा महिने काही झालं नाही. मग एका सोमवारी काउंटरवर एक मुलगा आला. चंदगड तालुक्यातला, भूगोलाचं एम. ए. झालेला, पाठीवर सॅक, पहाटेच्या एसटीने आलेला. त्याला नो ड्यूज हवं होतं. ते मिळाल्याशिवाय विद्यापीठ मूळ कागद देत नाही. वहिनींनी त्याचा क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, "तुमच्या नावावर एक पुस्तक हाय की. ज्वालामुखीचं."

"म्याडम, मी ज्वालामुखीचं पुस्तक कशाला नेऊ? मी नकाशाचं नेलतो. ते परत बी केलंय. त्या दिशी तुमचे काँप्युटर बंद हुते, तुमीच वहीत लिवून घेटलासा."

वहिनींनी वही काढली. नकाशाच्या पुस्तकाची नोंद होती. पण संगणकात नकाशाचं पुस्तक त्याच्या नावावर कधी गेलंच नव्हतं, ज्वालामुखीचं गेलं होतं. वहिनींनी मला त्याचा दाखल क्रमांक सांगितला आणि म्हणाल्या, "जा बाई, रॅकवर बघून ये, हाय काय ते."

वहिनी खणात वही शोधत होत्या तेवढ्यात तो मुलगा मला म्हणाला होता, "ताई, जरा बघा हो. आश्रमशाळेत लागलंय माझं. शुक्रवारपर्यंत मूळ कागद घेऊन हजर व्हायचंय. न्हायतर दुसऱ्याला घेणार म्हणालेत." मी मान डोलावली होती.

भूगोलाच्या त्या कप्प्यावर ज्वालामुखीचं पुस्तक जागेवर होतं. मला बरं वाटलं. पुस्तक हातात घेतलं, चिठ्ठीवरचा क्रमांक पाहिला, तो वेगळाच. आतलं पान उघडलं. आतला क्रमांक वहिनींनी सांगितलेला. शेजारचं पुस्तक उघडलं. तेही तसंच. त्याच्या शेजारचं. त्याच्याही शेजारचं. मुलाने नेलेल्या नकाशाच्या पुस्तकावर मी ज्वालामुखीची चिठ्ठी लावली होती. नेताना यंत्राने चिठ्ठी वाचली. परत करताना यंत्र बंद होतं म्हणून वहिनींनी आतला क्रमांक लिहिला. नकाशाचं पुस्तक जमा झालं, ज्वालामुखी त्याच्या नावावर राहिला. आणि असा अख्खा कप्पा होता.

माझी ऑर्डर त्या महिन्याच्या शेवटी संपत होती. प्रस्ताव म्याडमच्या टेबलावर होता.

हे मी कितीही वेळा सांगितलं तरी ते पटण्यासारखं होत नाही, पण मी केलं ते असं. ज्वालामुखीचं पुस्तक मी रांगेच्या मागे, भिंतीच्या बाजूला आडवं सारलं. बाहेर आले आणि म्हणाले, "नाही रॅकवर."

मुलगा माझ्याकडे बघत राहिला. वहिनी त्याला म्हणाल्या, "घरात बघा परत. मित्राला दिलं असंल." त्याने सॅक उचलली आणि गेला.

माझा बेत असा होता की चिठ्ठ्या गुपचूप बदलायच्या. पण नव्या चिठ्ठ्या छापायचं यंत्र मास्तरांच्या खोलीत. जुनी काढायला गेले तर पारदर्शक पट्टीबरोबर पुठ्ठ्याचा कागदच सोलून आला. मी एका पुस्तकाचं ते करून बसले आणि थांबले. घरी गेले तेव्हा माझ्या मुलाने मांडीवर यायला हात पुढे केले, मी त्याला बाजूला केलं. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोकं दुखतंय."

बुधवारी तो मुलगा पुन्हा आला. या वेळी सॅकमधून त्याने वह्या, फोटोप्रती, सगळं काउंटरवर काढून ठेवलं, झडती घ्या म्हणून. आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कुठल्या विषयाचं पुस्तक? भूगोल? बरं." मग मुलाला म्हणाले, "पावणं, शनिवारी या. तवर बघतो मी."

"सर, पण मला शुक्रवारी..."

पण मास्तर तोवर वळले होते आणि वाचनकक्षातल्या कुणालातरी ओरडत होते. त्यांच्या आवाजापुढे त्या पोराचं वाक्य राहूनच गेलं. मी तीन हातांच्या अंतरावर उभी होते. ते वाक्य पुरं करणं एवढंच माझं काम होतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी देवघेवीची कार्डं लावत बसले.

दुपारी मास्तर चपला काढून दालनात गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. मी माझ्या जागेवरून दाराकडे बघत होते. आतून बारकोड वाचायच्या छोट्या यंत्राचा टिक असा आवाज येत होता. टिक, मग शांतता. टिक, मग शांतता. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. जाताना एवढंच म्हणाले, कुणाकडेही न बघता, "शनिवारी विषय बारकोड. कुणाला कायबी सांगायचं असंल तर त्याच्या आदी येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी मी दालनात गेले. रांगेच्या मागे हात घातला. तिथे काही नव्हतं. ज्वालामुखीचं पुस्तक त्याच्या जागेवर सरळ उभं होतं, कडा ओळीला लावून, मास्तर लावायचे तसं.

त्यांना कळलं होतं. नुसती चूक नाही, लपवल्याचंही. आणि ते गप्प होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. गुरुवारी ते माझ्या टेबलापाशी तीनदा आले. एकदा विचारलं, "जेवलीस काय?" एकदा, "पोरगं बरं हाय न्हवं?" तिसऱ्यांदा नुसतेच उभे राहिले, टेबलावरचं पंचिंग मशीन हातात घेऊन खाली ठेवलं आणि गेले. मला प्रत्येक वेळी वाटायचं आता सांगावं. तोंड उघडायचे आणि डोळ्यांसमोर म्याडमच्या टेबलावरची ती फाईल यायची. शुक्रवारी ते संध्याकाळी उशिरापर्यंत खोलीचं दार उघडं ठेवून बसले होते. कधी नव्हे ते. मी दारावरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले ती सरळ घरी.

शनिवारी तीन वाजता आम्ही पंधरा-सोळा जण बसलो होतो. मास्तरांनी भूगोलाच्या कप्प्यातली तीन पुस्तकं टेबलावर ठेवली. "ह्यात काय चुकलंय? कुणी सांगंल काय?" ते एकेकाकडे बघत गेले. माझ्यावर नजर थांबली नाही. वेगळी पडू नये एवढीच थांबली आणि पुढे गेली. त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी आवाज आर्जवी होता, आणि तो मला अजून ऐकू येतो. "सांगा की. मी हाय न्हवं हितं."

शेवटी वहिनींनी एक पुस्तक उघडलं आणि ओरडल्या, "अगं बाई, नंबर जुळत न्हाईत!"

त्याच वेळी दारात म्याडम आल्या आणि त्यांच्यामागे तो मुलगा. शनिवारी या असं सांगितलं होतं म्हणून आला होता. त्याला नो ड्यूज नको होतं. शुक्रवारी शाळेने दुसऱ्याला घेतलं होतं. तो म्याडमना तेवढंच सांगायला आला होता की त्याने पुस्तक चोरलेलं नाही.

म्याडमनी टेबलावरची पुस्तकं पाहिली. समजायला वेळ लागला नाही. "हे कुणी चिकटवलं?"

उठायचं आहे हे मला समजत होतं. मी टेबलावरच्या पुस्तकांकडे बघत बसून राहिले.

मास्तर म्हणाले, "बारकोडचं काम माझ्याकडं हाय. आनि मला हे बुधवारीच कळलंतं. कळून मी शनिवारपातुर थांबलो. वर्गात शिकवायचं म्हणून." मग ते त्या मुलाकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, "पावणं, तुम्ही चोर न्हाय. चुकलं आमचं."

मुलगा म्हणाला, "आता काय करू मी त्याचं?" आणि निघून गेला. त्याच्याकडे एसटीचं परतीचं तिकीट होतं.

पुढच्या एक तारखेच्या कागदावर लाल चौकटीत मास्तरांचं नाव पाचव्यांदा आलं. 'चूक माहीत असून तीन दिवस बोललो नाही. विद्यार्थ्याची नोकरी गेली.' बाकी कुणाचंही नाव नाही. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. तो त्यांनी एका ओळीत दिला म्हणे. शनिवारचा वर्ग बंद झाला. फलक काढून तिथे थंड पाण्याचं यंत्र बसवलं. निवृत्तीला आठ महिने उरले असताना मास्तरांना तळमजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या विभागात पाठवलं. तिथे ते गठ्ठे बांधायचे आणि तिथेही सुतळीची गाठ कशी मारायची ते शिपायांना शिकवायचे.

माझी ऑर्डर आली. त्यानंतरचीही आली. पुढे जागा निघाल्या, मी परीक्षा दिली आणि कायम झाले. आता कर्मचारी विकास कार्यक्रम माझ्याकडे आहे. वर्षातून दोनदा पाहुणे येतात. ग्रंथालयाचं वार्तापत्र आता रंगीत निघतं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर जातं. त्यात पुष्पगुच्छ असतात, प्रमाणपत्रं असतात. चुका नसतात. एक तारखेला कुणी लवकर येत नाही. माझी भीती मात्र गेली नाही. कुणी पुस्तक उघडून आतलं पान बघू लागलं की अजून मी हातातलं काम सोडून तिकडे बघत राहते. त्या मुलाचा फोन नंबर आमच्या संगणकात आहे. मी तो लावलेला नाही.

गेल्या वर्षी वार्तापत्रात निवृत्त कर्मचाऱ्यांचं मनोगत छापायचं ठरलं आणि मास्तरांकडे जायचं काम माझ्यावर आलं. मी टाळलं असतं तरी चाललं असतं. एका रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. जिन्यावरूनच त्यांचा आवाज आला. दूधवाल्याला कॅन कसा धुवायचा ते सांगत होते. मला बघून त्यांनी बायकोला हाक मारली, "अगं, आमच्या लायब्रीतली आलीया, पोहे टाक." मनोगत वगैरे काही सांगितलं नाही. "लिही, बरा हाय म्हणून."

पोहे झाले, चहा झाला. निघताना मी म्हटलं, "मास्तर, तो कप्पा मी चिकटवला होता."

"ठाऊक हाय की. त्या कप्प्याला शाब्बास मीच म्हणालो हुतो. आनि पट्टीच्या टोकाला तिरका काप देणारी तू एकटीच हुतीस."

"मग तुम्ही नाव का घेतलं नाही?"

"मी कशाला घेऊ? तू सांगशील म्हणून थांबलो. बुधवारी वाटलं, आज सांगंल. गुरुवारी वाटलं, आज सांगंल." ते हसले. "भ्यालीस. भ्याल्यावर मानूस तसंच करतंय. मी काय नवं बघितलं काय ते? आदल्या वर्षीच्या त्या पोरीचं झालंतं, तवापासून तुम्हा कंत्राटी पोरींच्या तोंडावरची भीती मला दिसत हुती. ते सोड. मला खाल्लं ते त्या पोराच्या शुक्रवारानं. त्यो शुक्रवार आपल्यात कुणालाच ठाऊक न्हवता. ठाऊक असता तर मी कशाला थांबलो असतो? आनि तू तरी कशाला गप बसली असतीस?"

मी गप्प राहिले असते तर त्या घरातून तशीच बाहेर पडले असते. मास्तरांनी मला माफ केलेलं होतं, आणि पुन्हा ये म्हणाले असते.

"मला ठाऊक होता," मी म्हटलं. "सोमवारीच. त्याने मलाच सांगितलं होतं."

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. ते माझ्याकडे बघत होते, पण ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसे. आतून त्यांच्या बायकोने विचारलं, अजून चहा टाकू काय म्हणून.

"हे मला सांगाय नको हुतंस," ते म्हणाले.

मग उठले आणि आतल्या खोलीत गेले. मी कितीतरी वेळ खुर्चीवर बसून होते. ते परत बाहेर आले नाहीत.